सात सांगाडे आणि एक घटोत्कच

‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ हा १९६३ चा सिनेमा. त्याच्याबद्दल दोन प्रेक्षकांचं मत एक नसतं, यात नवल नाही. नवल हे, की एकाच प्रेक्षकाचं मतही वयाबरोबर पार उलटंपालटं होतं. जमिनीतून सात सांगाडे उगवतात, ढाली-तलवारी घेऊन तीन जिवंत माणसांवर चालून येतात, तेव्हा आठ वर्षांचं पोर आईच्या मागे दडतं. तेच पोर कॉलेजात गेलं की सोलापुरी थाटात म्हणतं, ‘काय बे हे, बाहुल्या हलवल्यात!’ आणि चाळिशी ओलांडल्यावर तोच माणूस तोच प्रसंग पुन्हा लावतो, मागे नेतो, पुन्हा बघतो. यातलं खरं मत कोणतं? कॉलेजातलं मत सगळ्यात हुशार वाटतं, कारण त्यात फसवणूक पकडल्याचा आनंद असतो. माझ्या मते ते सगळ्यात अर्धवट आहे. त्याने बाहुली पाहिली, पण हलवणारा पाहिला नाही. हे राक्षस टिकले ते खरे वाटतात म्हणून नाही. ते कुणीतरी घडवलेत हे पडद्यावर दिसत राहतं, म्हणून ते टिकले.

हलवणारा होता रे हॅरीहाउसेन. १९३३ चा ‘किंग काँग’ तेराव्या वर्षी पाहिला आणि जन्मभर त्यातून बाहेर पडला नाही, असा माणूस. पद्धत सांगायला सोपी: बाहुलीच्या आत सांध्यांचा धातूचा सापळा, तिला किंचित हलवायचं, एक फ्रेम टिपायची, पुन्हा किंचित हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस फ्रेम लागतात. सात सांगाडे, प्रत्येकाचे हात, पाय, डोकं वेगळं, शिवाय आधीच चित्रित झालेल्या नटांच्या वारांशी प्रत्येक तलवार जुळली पाहिजे. दिवसभर राबून तेरा-चौदा फ्रेम हाती लागत, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. काही मिनिटांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले. सोलापुरात जॅकार्डच्या मागावर चादर विणताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. छिद्रं पाडलेला एकेक पत्ता पुढे सरकतो, ताण्याचे ठरावीक धागे उचलले जातात, बाण्याचा एक धागा पडतो, आणि असे शेकडो पत्ते सरकल्यावर कुठे मोराचा पिसारा दिसू लागतो.

त्या राक्षसांच्या हालचालीत जो बारीक झटका जाणवतो, त्याचं कारणही इथेच आहे. धावता माणूस कॅमेऱ्याने टिपला की प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे हातपाय थोडे पुसट येतात, आणि आपल्या डोळ्याला ती पुसट रेघ म्हणजेच वेग वाटतो. बाहुली मात्र प्रत्येक फ्रेमच्या वेळी स्थिर उभी असते, म्हणून ती प्रत्येक चित्रात कोरीव दिसते आणि चालताना थरथरते. पुढे संगणक आल्यावर ही पुसट रेघ मुद्दाम घालण्याची सोय झाली, आणि थरथर गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं गतकाळाचे गोडवे गाणं आहे, लहानपणी पाहिलं म्हणून आवडतं. आक्षेपात तथ्य असतं, तर त्या आठवणीने सिनेमाचं सगळंच गोड करून टाकलं असतं. तसं होत नाही. याच प्रेक्षकांना जेसनची प्रेमकथा आठवत नाही, आणि आठवली तरी तिचं कौतुक कुणी करत नाही. हॅरीहाउसेनचा शेवटचा मोठा सिनेमा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ १९८१ चा. त्यातली मेड्युसा, विझत्या-पेटत्या उजेडात सरपटत येणारी, केसांत साप वळवळणारी, आजही वाखाणली जाते. त्याच सिनेमातलं बुबो नावाचं यांत्रिक घुबड मात्र अनेकांना असह्य होतं. कारागीर तोच, वर्ष तेच, बघणाऱ्याचं लहानपणही तेच. नुसती आठवण बोलत असती तर तिने घुबडालाही माफ केलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. साडेचार महिने राबला म्हणून कलाकृती थोर होत नाही. घामाचे तास मोजून सिनेमा बघायचा नसतो. मान्य. नुसते कष्ट कुणी पाहत नाही, निर्णय पाहतो. ‘जेसन’मधला टॅलोस हा ब्राँझचा राक्षस मान वळवतो तेव्हा ती कुरकुरत, अडखळत वळते. धातूचा पुतळा लवचीक चालला असता तर तो खोटा ठरला असता; तंत्राचा दोष इथे पात्राचा स्वभाव झाला. सांगाड्यांचंही तसंच, मांस नाही तर हालचालीत मऊपणा येणार कुठून? आणि १९७३ च्या ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत होऊन सहा तलवारींनी लढते. आपल्या देवीला जादूगाराची हुकमी बाहुली केलं, शेवटी तिला खाली पाडून तिचे तुकडे केले, याबद्दल इथल्या प्रेक्षकाने कपाळाला आठ्या घातल्या तर त्यात चूक काही नाही. पण आठ्या घालतानाही तिचे हात बघावेत. प्रत्येक हाताला स्वतःचा बेत आहे. आपल्या पौराणिक पटांत दशमुखी रावण म्हटला की मधलं तोंड नटाचं आणि बाकीची पुठ्ठ्याची, ती कधी पापणीही लववत नाहीत.

हे तंत्र आपल्याला ठाऊकच नव्हतं असंही नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली, आणि त्यातून झालेली ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवल्या. त्याहून बोलका पुरावा १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा आहे. सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येऊन चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे ही माझी मुलगी, हे सोंग, आता बघा, असं आधी सांगून टाकायचं आणि मग कालियाच्या डोहात उतरवायचं. सोंग आहे हे माहीत असताना हात जोडणारा प्रेक्षक त्यांनी गृहीत धरला होता. दशावतार, सोंगी भारुड पाहत आलेल्या समाजात ते गृहीत धरणं अगदी व्यवहारी होतं.

मग आगकाड्यांपासून सुरुवात होऊनही हॅरीहाउसेनच्या वाटेचे राक्षस आपल्याकडे का रुजले नाहीत? पैसा आणि वेळ नव्हता हे उत्तर खरं, पण अपुरं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांमध्ये, ज्या सिनेमाची ओळख करून द्यावी लागत नाही, तो के. व्ही. रेड्डींचा ‘मायाबाजार’ १९५७ चा. गोष्ट आपल्या वत्सलाहरणाचीच. फक्त वत्सलेचं नाव तिथे शशिरेखा. घटोत्कच लग्नघरच्या पंक्तीचं सगळं अन्न एकटा फस्त करतो, लाडू ताटातून आपणहून उड्या मारत त्याच्या तोंडात जातात. मार्कस बार्टलींच्या कॅमेऱ्याची ही करामत कळत नाही असा प्रेक्षक तेव्हाही नसेल. तरी २०१३ मध्ये भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त एका वृत्तवाहिनीने सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपटासाठी कौल घेतला, तेव्हा लोकांनी निवडला तो हाच. पण या सिनेमाबद्दल लोक बोलतात तेव्हा लाडवांपाशी थांबत नाहीत, ते जातात एस. व्ही. रंगारावांच्या हसण्याकडे, त्यांच्या भुवयांकडे, गदा खांद्यावर टाकून चालण्याच्या रुबाबाकडे. आपल्याला राक्षसाच्या आत नट हवा असतो, आणि घडवणारा म्हणून आपण त्यालाच दाद देतो. हॅरीहाउसेनच्या राक्षसात नट नाही. खोलीत एकटा बसून तो स्वतःच सातही सांगाड्यांची कामं करतो. ‘मायाबाजार’ला आणि ‘जेसन’ला मिळणारी दाद म्हणूनच एकाच जातीची आहे, फक्त ती वेगळ्या माणसाच्या पदरात पडते. १९९२ मध्ये ऑस्करच्या सोहळ्यात हॅरीहाउसेनचा सन्मान करताना टॉम हँक्सने ‘कासाब्लांका’ आणि ‘सिटिझन केन’ बाजूला सारून ‘जेसन’ला सर्वांत थोर चित्रपट म्हटलं, तेही हलवणाऱ्याला उद्देशून. जेसन झालेल्या टॉड आर्मस्ट्राँगचा आवाज तर दुसऱ्याच नटाकडून डब करून घेतला होता. घटोत्कचाच्या संवादांना दुसऱ्या कुणाचा आवाज दिला असता, तर आंध्रात काय, सोलापुरातही लोकांनी खुर्च्या उचलल्या असत्या.