कुपनाचा डबा आणि दुकानाचा काटा

व्यापाऱ्याच्या घरात काटकसरीचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत. पुडक्याची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवणे, पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडणे, तेलाचा डबा उपडा करून शेवटचा थेंब निथळू देणे, हे सारे मुले पाहता पाहताच शिकतात. सांगलीच्या गणपती पेठेत तीन पिढ्यांपासून किराणा-भुसाराचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबात ही शिकवण थोरल्या अक्कांच्या पत्र्याच्या डब्यात साठविलेली होती. त्या डब्यात कुपने असत. वर्तमानपत्राच्या कडेची कापलेली, चहाच्या पाकिटातून निघालेली, साबणाच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस छापलेली. दुकानात साबण, दंतमंजन, केसांचे तेल असा माल ठेवीत नसत. तो बाहेरून आणावा लागे आणि त्यासाठीच हा संग्रह होता.

अक्कांचे नियम तीन होते. जी वस्तू महिन्याच्या यादीत नाही, तिचे कुपन डब्यात ठेवायचे नाही. प्रत्येक कुपनाच्या माथ्यावर मुदतीची तारीख पेन्सिलीने मोठी लिहायची. आणि जेवढे पैसे वाचले, तेवढे त्याच दिवशी वेगळे काढायचे. तिसऱ्या नियमावर त्यांचा विशेष कटाक्ष असे. वाचलेला रुपया खिशातच राहिला, तर संध्याकाळपर्यंत तो दुसरीकडे खर्च होतो; मग बचत झाली हे केवळ बोलण्यापुरते उरते, असे त्या म्हणत. वर्षभरात साठलेल्या त्या रकमेतून जूनमध्ये दोन-तीन गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होत असे.

घरात आलेली सून वाणिज्य शाखेची पदवीधर. तिच्या काळात कात्री आणि डबा गेले, कुपने मोबाईलवर आली. ती सासूबाईंप्रमाणेच नेटकी. परंतु मोबाईलवरील कुपन स्वतःहून हाक मारते, हा फरक होता. 'आज रात्री बारापर्यंतच' असे वाचले की हात थबकत नसे. एका महिन्यात तिने अडीच हजारांच्या खरेदीवर तीनशे रुपयांची सूट मिळविली आणि समाधानाने ते अक्कांना सांगितले. अक्कांनी एवढेच विचारले, "यादी कितीची होती?" यादी अठराशेची होती. सूट पदरात पडावी म्हणून सातशेचा माल जास्त घेतला गेला होता. तीनशे वजा जाता बावीसशे दिले. म्हणजे तीनशे वाचविण्यासाठी चारशे अधिक गेले होते. सुनेने तो आकडा वहीत लिहून ठेवला.

त्यानंतर तिने खरेदीचा अभ्यासच आरंभिला. आवेष्टित मालावरील छापील किंमत ही कमाल मर्यादा असते, तिच्याखाली कितीही दराने विकण्यास विक्रेता मोकळा असतो. तेव्हा छापील किमतीवरील सूट पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही, हे तिने जाणले. खरी तुलना वजनाच्या भावाची. वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार आता पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो. तो बारीक अक्षरांतील आकडा ती आधी शोधू लागली. एका पदार्थाचे किलोचे पाकीट २४० रुपयांचे, त्यावर ३० रुपयांचे कुपन; शेजारीच अर्ध्या किलोचे पाकीट कुपनाविना १०० रुपयांना. मोठ्या पाकिटाचा भाव सुटीनंतरही शंभर ग्रॅमला २१ रुपये पडत होता, लहानाचा २०. भाव आणि गरज दोन्ही जुळली, तरच ती कुपनाकडे वळे.

पिठाच्या बाबतीत तर हिशेबाचीही आवश्यकता उरली नाही. दोन पिशव्या पिठावर तिसरी मोफत अशी योजना ऐन श्रावणात आली होती. परंतु त्या घरात पिठाची मर्यादा पाळली जाते : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दमट हवेत साठविलेल्या पिठात जीव पडतात. फुकट मिळालेली पिशवी पुढे चाळावी आणि टाकावी लागणार असेल, तर ती फुकट कशी म्हणावी? घरचे दळण त्या कुपनापेक्षा स्वस्तही होते आणि निर्दोषही.

कुपनाचे पैसे अखेर देतो कोण, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात उपस्थित होणे स्वाभाविकच. कुपनाची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात १८८७ च्या सुमारास एका नव्या पेयाचा एक पेला मोफत देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आज जगभर खपणाऱ्या कोका-कोलाची ती सुरुवातीची जाहिरात होती. १९३० नंतरच्या मंदीत तिथल्या गृहिणींनी कुपनांचा आधार घेऊन संसार चालविले. उत्पादक कुपनाचा खर्च जाहिरातीच्या खात्यात धरतो. कुपन मिळालेल्यांपैकी सर्वच जण ते वापरणार नाहीत, हे त्याला ठाऊक असते. जो कष्ट घेतो त्याला माल स्वस्त आणि जो विसरतो त्याला पूर्ण भावाने, अशी ती योजना असते. त्यात फसवणूक नाही. मात्र औदार्यही नाही.

हे सर्व सुनेला समजले होते. तरीही एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटली आणि ती अण्णांनी पाहिली. साबण आणि दंतमंजनाबरोबर मोबाईलवरून तूरडाळही घरी येऊ लागली होती. डाळीच्या व्यापाऱ्याच्या दारात दुसऱ्याची डाळ घेऊन पोऱ्या उभा राहतो, हे शेजाऱ्यांनी पाहिले तेव्हा अण्णांना बोलणे भाग पडले. दुकानाची स्थिती आधीच नाजूक होती. जुनी गिऱ्हाइके मोबाईलवरील भाव दाखवून परत जात होती. येत्या दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गाळा भाड्याने देऊ, असे मुलगा उघड म्हणू लागला होता.

अण्णा रागावले नाहीत. दुपारी दुकानात गर्दी नसताना त्यांनी सुनेला बोलावून विचारले, "सूनबाई, डाळीत किती वाचले?"

"किलोला सात रुपये, अण्णा. आपल्याकडे १४५ भाव आहे. घरच्या खात्यावर आपण तोच लिहितो. मला कुपनाने १३८ ला मिळाली."

"आणि आपली खरेदी कितीची?"

"१३२."

पुढे त्यांनी काही विचारले नाही. घरखात्यावर लिहिलेले १४५ घरातल्या घरातच फिरत होते. घराबाहेर प्रत्यक्ष गेले होते १३८, आणि १३२ रुपयांची डाळ दुकानात पडूनच होती. कागदावर सात वाचले, गाठीचे सहा गेले. वाणिज्याची पदवी असलेल्या सुनेला हे उमगायला निमिषही लागले नाही. तिने विचारले, "मग गिऱ्हाइकाने काय करावे, अण्णा? त्याला तर सात खरेच वाचतात."

या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नव्हते. किलोमागे तेरा रुपये सुटतात; त्यातून नोकराचा पगार, वीज, घट आणि उधारीचे व्याज भागवायचे. मोठ्या कंपनीची सूट ते देऊ शकत नव्हते. "जेवढे झेपेल तेवढेच दे, पण दिले ते बिलावर दिसू दे," असे सांगून त्यांनी हे काम तिच्यावर सोपविले.

तिने साधी चिठ्ठी छापून घेतली : हजार रुपयांच्या रोख खरेदीवर पुढील महिन्यात वीस रुपये वजा. सूट विक्रीच्या वेळीच बिलावर दाखविली, तर करपात्र मालावरील जीएसटी उरलेल्या रकमेवरच लागतो, म्हणून बिलावर वेगळी ओळ घातली. चिठ्ठीवर मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत छापली. विसरणाऱ्यांवर नफा कमवायचा नाही, असे अक्कांनी बजावले होते; म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी दुकानातून गिऱ्हाइकाला फोन जाऊ लागला. निम्म्याहून कमी चिठ्ठ्या परत आल्या. सात रुपयांच्या फरकाने गेलेली गिऱ्हाइके बहुतेक परतली नाहीत. परंतु महिनोन्‌महिने उधारीवर माल नेणारी काही घरे रोखीकडे वळली, आणि उधारीची पाने थोडी पातळ झाली.

दिवाळीला नव्या वह्या आल्या, त्यांचे पूजन झाले. गाळ्याचा निर्णय एक वर्ष पुढे गेला. टळला असे कोणी म्हणत नाही. घरी साबण आणि दंतमंजन अजूनही मोबाईलवरील कुपनानेच येते, डाळ मात्र दुकानातून. दोन्हीकडे वाचलेली रक्कम सून त्याच दिवशी बाजूला काढते. अक्कांच्या डब्यात आता कुपने नसतात. नाणी आणि नोटा असतात, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस जूनमध्ये ज्यांच्या वह्या घ्यायच्या त्या मुलांची यादी चिकटविलेली असते. यंदा त्या यादीत एका नावाची भर पडली आहे.