जासूद, सूड आणि सत्ता

मराठी कादंबरीच्या इतिहासात हेरकथेचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत येतो आणि ‘रंजनप्रधान’ या एका विशेषणाने तिची बोळवण होते. तिच्या वाचकसंख्येची नोंद कौतुकाने घेतली जाते. तिच्या आशयाची मात्र घेतली जात नाही. वस्तुतः दुसऱ्याविषयीची माहिती त्याच्या नकळत मिळवणे हा हेराचा व्यवसाय, आणि ती माहिती कोणासाठी व कशासाठी वापरली जाते हा सत्तेचा प्रश्न होय. हेरांवाचून राज्य आंधळे राहते आणि हेरांना धरबंध उरला नाही की ते जुलमी होते. सत्तेच्या दुरुपयोगाचे आशयसूत्र या वाङ्मयप्रकाराच्या गाभ्यातच आहे. असे असता ते मराठी हेरकथेत इतके क्षीण का राहिले? या प्रश्नाचा विचार कऱ्हाकाठावरून करणे सोयीचे ठरते; कारण मराठी गद्यातील एक आरंभीची कपटकारस्थानाची कथा याच भूमीवर घडलेली आहे.

गराड्याच्या डोंगरात उगम पावणारी कऱ्हा मोरगाव, बारामती अशी वाहत नीरेला मिळते. तिच्या खोऱ्यातले सुपे आणि पूर्वेकडचे इंदापूर हे दोन्ही परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. सुप्याचा कारभार संभाजी मोहित्यांकडे होता. ते शिवाजीराजांचे सावत्र मामा. सभासदाने दिलेली हकीकत थोडक्यात अशी : शिमग्याच्या सणाला भाचा मामाकडे पोस्त मागण्याच्या निमित्ताने गेला, मामाला कैद केले आणि तीनशे घोड्यांच्या पागेसह सुपे ताब्यात घेतले. ही घटना 1656 मधली मानली जाते. हेरकथेला लागणारे सारे काही येथे आहे. सणाचे निमित्त, नात्याचा विश्वास, बेसावध यजमान आणि रक्तपाताविना झालेला सत्तापालट.

बखरकाराला या प्रसंगात कोणताही नैतिक पेच जाणवत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मोहिते काही परचक्राचे सरदार नव्हते. ते शहाजीराजांनीच नेमलेले अधिकारी होते. सण, नाते आणि आतिथ्य यांचा डावपेच म्हणून वापर झाला, ही गोष्ट सभासद लपवीत नाही आणि तिच्यावर रेंगाळतही नाही. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिणाऱ्याकडून तशी अपेक्षा करणेही गैर ठरेल. पण यातून एक साचा तयार झाला. कार्य श्रेष्ठ असले की साधनाची चौकशी करायची नाही, हा तो साचा होय. त्याच बखरीत सुरतेच्या प्रसंगी बहिरजी जासूद येतो. त्याच्या वाट्याला थोड्याच ओळी आहेत. पुढे कादंबरीकारांनी आणि चित्रपटांनी त्यातून बहिर्जी नाईक ही भव्य व्यक्तिरेखा उभी केली. ‘जासूद’ या शब्दात निरोप्या आणि हेर असे दोन्ही अर्थ होते, ही बाब सूचक आहे. निरोप्याला निरोपाची जबाबदारी नसते. मराठी कल्पनेने हेरालाही ती सहसा दिली नाही.

सत्तेच्या दुरुपयोगाची जाणीवच या परंपरेला नव्हती, असे मात्र नव्हे. 1715च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्य आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम सांगतात, तेव्हा रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात, असे बजावतात. अधिकाऱ्याच्या हातातली कुऱ्हाड कोठे थांबावी, हे येथे नेमकेपणाने कळलेले आहे. ही जाणीव राजनीतीच्या गद्यात राहिली. हेराच्या कथेत ती उतरली नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेलेली हरि नारायण आपटे यांची ‘चंद्रगुप्त’ ही कादंबरी. तिला ऐतिहासिक कादंबरी म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिची घडण हेरकथेची आहे. येथे अपराधाचा आरंभ सत्तेकडून होतो. मगधराज धनानंद मुरादेवीवर आणि तिच्या नवजात मुलावर घोर अन्याय करतो. त्या अन्यायातून सूडाची आग पेटते आणि चाणक्य ती आग आपल्या कामासाठी वापरतो. राक्षसासारखा निष्ठावंत अमात्य आपल्याच माणसांच्या खबरांवर विसंबून फसतो. आपट्यांचे सामर्थ्य दिसते ते मुरादेवीच्या चित्रणात. कपटाने ज्याचा विश्वास मिळवायचा, त्याच्याविषयी तिच्या मनात चलबिचल सुरू होते. पण तोवर चाणक्याचे यंत्र तिच्या हाताबाहेर गेलेले असते. राजाने तिला तुडवले होते; राज्य उलथवणाऱ्याने तिला राबवले. जुन्या सत्तेचा बळी नव्या सत्तेचेही साधन ठरतो, हे कटू सत्य कादंबरीकाराने, चाणक्याविषयीचा आदर न सोडता, वाचकापुढे ठेवले आहे.

सुमारे साठ वर्षांनी जॉन ल कॅरे या ब्रिटिश लेखकाने नेमका हाच धागा उचलला. स्वतः गुप्तचर खात्यात काम केलेल्या या लेखकाच्या 1963 मधील गाजलेल्या कादंबरीत, शत्रूच्या गोटात पाठवलेल्या हेराला फार उशिरा कळते की आपल्याच वरिष्ठांनी आपल्याला फसवून वापरले आहे. तेथून पाश्चात्त्य हेरकथेची नजर सरहद्दीपलीकडून स्वतःच्या राजधानीकडे वळली. मराठीत मुरादेवीला वारस मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून एका अफाट वाचकवर्गाला वाचनाची गोडी लावली. त्यांचा झुंजार कायद्याला वळसा घालून दुष्टांना शासन करतो. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप देशाच्या शत्रूंशी लढतो. एस.टी. स्थानकांवरच्या दुकानांतून आणि भाडोत्री वाचनालयांतून ही पुस्तके खेडोपाडी पोहोचली. त्यांतला दुर्जन बहुधा व्यक्ती असतो, व्यवस्था नसते. शेवटच्या पानावर तो संपला की जग निर्मळ होते.

सत्तेच्या गैरवापराचे चित्रण दुसरीकडे झाले. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ने (1977) मंत्रालयातील हालचालींचा अंतर्भेद केला. आणीबाणीने माणसांवर पाळत ठेवणाऱ्या राज्याचा प्रत्यय नुकताच दिला होता. तरीही हेर आणि राजकारण हे दोन प्रवाह मराठी कादंबरीत वेगळेच वाहत राहिले. एकात गुप्तता होती आणि प्रश्न नव्हता. दुसऱ्यात प्रश्न होता, पण पाळत ठेवणाऱ्याच्या मनात शिरण्याची वाट नव्हती.

ही वाट शोधायला परदेशी दूतावास लागत नाहीत. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कऱ्हाटीचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग केले. तेव्हापासून येथे माहितीला पाण्याइतकीच किंमत आली. आवर्तन कधी सुटणार, चारीचे दार किती वेळ उघडे राहणार, ऊसतोडीची चिठ्ठी आधी कोणाची निघणार, हे ज्याला दोन दिवस अगोदर कळते त्याचे पीक तरते. साहजिकच गावात खबर देणारा, खबर दडवणारा आणि कोण कोणाच्या ओट्यावर बसला हे वर पोहोचवणारा, अशी माणसे तयार होतात. त्यांपैकी कोणीही स्वतःला हेर म्हणवून घेत नाही. प्रत्येकाला नाते असते, अडचण असते, आणि मुरादेवीसारखा एखादा जुना घावही असतो. ज्याच्यासाठी खबर न्यायची, तो त्यांना आपला मानतो. कधीकधी मामाही मानतो.

मराठी हेरकथेला गांभीर्य नाही ही तक्रार खरी आहे. पण तिचा दोष केवळ लोकप्रिय लेखकांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ज्या समीक्षेने ‘चंद्रगुप्त’मधील कारस्थान हा कथानकाचा अलंकार समजला, तिनेही ही वाट बुजवण्यास हातभार लावला आहे. निरोप्याला त्याच्या निरोपाचा जाब विचारणारी कादंबरी मराठीत यायची असेल, तर तिचा लेखक नकाशावरच्या सरहद्दीपेक्षा चारीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे अधिक निरखून पाहणारा असावा लागेल.