माणूस मागे, पाणी पुढे

थॉमस गेन्सबरो बड्या घरच्या इंग्रज बायका रंगवायचा तेव्हा त्यांच्या पाठीशी निसर्ग उभा करायचा. 1764 च्या सुमारास त्याने काढलेलं मेरी, काउंटेस हाऊ हिचं चित्र लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. गुलाबी रेशमी झगा, त्यावर तलम लेस, डोक्यावर गवती हॅट, गळ्यात मोती. आणि मागे भरून आलेलं आभाळ. बाई अशा तोऱ्यात उभी, की ते आभाळही तिच्याच सांगण्यावरून भरून आलं असावं. हा चित्रकार टेबलावर दगडाचे तुकडे, वाळका पाला आणि आरशाच्या काचा मांडायचा आणि त्यांवरून खडक, झाडं, पाणी रंगवायचा, असं त्याचा समकालीन जोशुआ रेनॉल्ड्स सांगून गेला आहे. पाणी म्हणजे काचेचा तुकडा. तोही मागे.

नळदुर्गची बोरी नदी कुणाच्या मागे उभी राहणारी नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरीच्या पात्रात काळ्या पाषाणाचा बंधारा बांधला गेला. एका काठाला किल्ला, दुसऱ्या काठाला रणमंडळ हा जोडकिल्ला आणि मधे पाणी अडवणारी ही भिंत. या भिंतीच्या पोटातच कुणा जाणत्याने महाल कोरल्यासारखा बसवला: पाणीमहाल. एरवी राजे लोक नदीकाठी महाल बांधून खाली वाहणारं पाणी बघतात. इथे माणसाने आपली बैठक पाण्याच्या आड नेली.

पायऱ्या उतरून आत गेलं की भर दुपारचा उजेड हिरवट होतो. हाताला दगड गार लागतो, थोडा ओला. वर बोरी धरण भरून सांडवा वाहू लागला, की नदी बंधाऱ्यावर येते आणि नर-मादी या दोन धारांनी खाली झेपावते. मग महालाच्या गवाक्षापुढून पाणी कोसळत राहतं आणि आतली फरशी मात्र कोरडी. आवाज कानांनी ऐकायची गरजच उरत नाही. भिंतीला तळहात टेकवला तरी तो अंगात शिरतो. ऊन कलतं तसा पाण्याचा पडदा क्षणात पांढरा, क्षणात मधाळ, क्षणात नितळ होतो. पडद्याचा जो भाग आत्ता पाहिला तो पुन्हा दिसायचा नाही. एवढी वर्षं नदीचं हे चित्र रंगतंच आहे. पुरं झालेलं कुणी पाहिलेलं नाही.

आणि तिचं दर्शन दर वर्षी घडेलच असंही नाही. हा बालाघाटाच्या अंगाचा, पाठीवर दुष्काळ घेऊन जगणारा मुलूख. मृग कोरडा जातो, आर्द्रा हुलकावणी देतात, माणसं सोयाबीनच्या माना टाकलेल्या रोपांकडे बघत परतीच्या पावसाची वाट पाहतात. काही वर्षी बंधारा नुसताच काळा, कोरडा ठणठणीत उभा असतो. ज्या वर्षी नदी येते, त्या वर्षी माळावर तरवड पिवळाधमक फुललेला असतो आणि गावोगावची माणसं लेकराबाळांसह नर-मादी बघायला लोटतात. इथे पाणी बघणं ही करमणूक कमी आणि दर्शन जास्त.

नळदुर्गचा एक धागा त्या जुन्या इंग्रजी चित्रांशीही जुळतो. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा कारभार बघायला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथे आला. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी पुढे त्यानेच लिहिली. त्याची दिवंगत पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी. नाना फडणवीसांच्या अखेरच्या काळात पुण्याला रेसिडेंट असलेला जनरल पामर हा त्या विल्यमचा बाप आणि फैजबक्ष बेगम ही आई. 1785 च्या सुमाराचं या कुटुंबाचं एक तैलचित्र लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते झोफनीचं की रेनाल्डीचं, यावर जाणकारांत वाद आहे. पामर आसनावर बसला आहे; बेगम दागिन्यांनी मढलेली, पण अनवाणी, जमिनीवर बसलेली. चित्र अर्धंच राहिलं. तरी नजर आधी जाते ती तिच्याकडेच. काउंटेस आभाळाला पाठ देऊन उभी आहे. ही भुईला टेकून बसली आहे, आणि तिचा मोठेपणा तसूभरही उणा झालेला नाही.

पाणीमहाल बांधणाऱ्याला हेच उमगलं असावं. मोठ्या गोष्टीपुढे बसायचं तर थोडं मागे सरावं लागतं, थोडं खाली उतरावं लागतं. त्याने सुलतानालाही पायऱ्या उतरायला लावलं आणि पुढची जागा नदीला दिली.

आता गवाक्षापाशी पोचलं, की आपण पहिल्यांदा पाण्याकडे पाठ करतो आणि मोबाइल वर धरतो. तीच गेन्सबरोची मांडणी: आपण पुढे, नदी मागे. फोटो काढायला हरकत नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला भरल्या पाण्याजवळ उभं राहिल्याचा पुरावा हवाच असतो. पण ही खोली त्यासाठी बांधलेली नाही. इथे यजमान नदी आहे, आणि यजमानाकडे आधी तोंड करून बसावं, एवढी रीत आपल्याकडे पूर्वापार आहे.