बेलच्या बटणाशेजारी

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. बर्लिन
विमानतळाच्या फलाटावर फाटक नाही, तिकीट तपासायला कुणी उभं नाही. शहराभोवती अ, ब, क असे तिकिटांचे तीन पट्टे आहेत आणि विमानतळ क पट्ट्यात येतो. ४ युरो ४० सेंटचं तिकीट काढलं आणि जपून पर्समध्ये ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी मान हलवली, हात पुढे करून ते मागून घेतलं, खांबावरच्या छोट्या पेटीत घातलं. खट्! तारीख-वेळ उमटली. ती उमटेपर्यंत तिकीट असूनही मी विनातिकीट होते आणि पकडली गेले असते तर ६० युरो दंड झाला असता, हे रात्री वाचल्यावर कळलं. त्या आजींचे आभार धड मानताही आले नाहीत, एवढा एकच शब्द पाठ करून आले होते तरी.

३ ऑक्टोबर, गुरुवार
आज घटस्थापना. आणि इथे जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी, सगळी दुकानं बंद. माती नाही, धान्य नाही, दूधसुद्धा संपलेलं. मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात असं कळलं, तिथून दूध आणि सफरचंदं आणली. फोनवर आई म्हणाली, "दिवा लाव, तेवढं पुरे. आणि पत्ता कळव, फराळ पाठवायचाय." पत्ता! दोन आठवड्यांपुरती घेतलेली ही खोली. तिचा पत्ता माझा म्हणवेना.

६ ऑक्टोबर, रविवार
शहराला वळसा घालणाऱ्या लोकलमध्ये बसले. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, बरोबर एक तास. एक गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, दुसरी उलटी. कुठेही शेवटचं स्टेशन नाही, त्यामुळे चुकलं तरी उतरून समोरच्या फलाटावर जायचं. पहिल्या फेरीत नुसत्या पाट्या वाचल्या, दुसरीत खिडकीबाहेर पाहिलं. देवळात नवीन असताना आधी प्रदक्षिणा घालतो, तसं वाटलं. आता नकाशा पाहताना पोटात गोळा येत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार
खोली पाहायला सहा वाजता 'बर्लिनर श्ट्रास'वर जायचं होतं. त्याच नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन दिसलं, खूश होऊन उतरले. क्रमांक शोधता शोधता दमले. इथल्या जुन्या रस्त्यांवर घरांचे आकडे एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात, म्हणून समोरासमोरच्या दोन घरांत शंभराचा फरकही पडू शकतो. शेवटी माझ्या प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "कुठली बर्लिनर श्ट्रास?"

एकाच शहरात या नावाचे कितीतरी रस्ते! १९२० साली जुन्या बर्लिनला आजूबाजूची सात शहरं, ५९ खेडी आणि २७ जहागिऱ्या जोडल्या गेल्या. त्यातल्या कित्येक गावांना बर्लिनकडे जाणारी आपापली वाट होती आणि तिला साहजिकच तेच नाव होतं. गावं शहरात विरघळली, वाटांची नावं उरली. पुण्यातल्या माणसाला सातारा रस्ता माहीत असतो, आम्हा सातारकरांना तो पुण्याचा रस्ता. आपली बर्लिनर श्ट्रास कुठली, हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण पत्त्यात पिनकोडही होता. मी तो वाचलाच नव्हता. मी पश्चिमेकडे विल्मर्सडोर्फमध्ये होते, खोली पार उत्तरेला पांकोमध्ये. पाऊण तास उशिरा पोचले. घरमालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग खोली दाखवली. खोली मिळाली!

१५ ऑक्टोबर, मंगळवार
राहायला आले. चौदा दिवसांच्या आत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाडेकरारावर भागत नाही. मालकीणबाईंनी ते टेबलावर तयार ठेवलं होतं. २४ तारखेची वेळ मिळाली आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीत. कुठल्याही भागातली कचेरी चालते, हे बरं.

२१ ऑक्टोबर, सोमवार
बँकेचं कार्ड परत गेलं. शेरा: या पत्त्यावर असं कुणी राहत नाही.
वाचून क्षणभर हात गार पडले. पत्ता तर अचूक होता. संध्याकाळी मालकीणबाई मला खाली दारापाशी घेऊन गेल्या. इमारतीत अठरा बिऱ्हाडं, पण एकाही दाराला नंबर नाही. बेलच्या बटणांशेजारी फक्त आडनावं, टपालपेट्यांवरही तीच. पोस्टमन नाव शोधतो. नाव दिसलं नाही की तुम्ही नाही. आमच्या घराचा पत्ता अजून 'मंगळवार तळ्याजवळ, अमुक यांच्या घरामागे' असा लिहिला तरी पत्र येतं, कारण पोस्टमन बाबांना ओळखतो. इथे ओळखीचं काम कागदाच्या एका पट्टीकडे आहे. बाईंनी पट्टी कापली, माझ्याकडून अक्षरं एकेक विचारून घेतली आणि आपल्या नावाखाली माझं आडनाव लिहिलं. दोन पट्ट्या, एक बेलला, एक पेटीला. मी फोटो काढून आईला पाठवला.

३० ऑक्टोबर, बुधवार
प्रयोगशाळा डालेममध्ये. विटेनबर्गप्लाट्झला गाडी बदलायची. डालेम-डोर्फ स्टेशनचं छप्पर गवताने शाकारलेलं आहे, रोज पाहूनही नवल सरत नाही. आज दुपारी जवळच्या इहने श्ट्रासवर २२ क्रमांकाच्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे इथल्या संस्थेत मानववंशशास्त्र शिकल्या. वंशानुसार कवट्यांची ठेवण बदलते, असं त्यांच्या मार्गदर्शकांना, ऑयगन फिशर यांना वाटत होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही, असं त्यांनाच लिहून दिलं. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच माणसाच्या हातात. पुढे या संस्थेने नाझींना साथ दिली. मला चुकलेल्या रस्त्याची भीती वाटते, आणि त्यांनी हे केलं. त्यांची घरून आलेली पत्रं कुठल्या पेटीत पडत असतील, असा विचार मात्र मनातून गेला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
दोन गोष्टी. कर खात्याचं पत्र बॉनहून आलं. त्यात अकरा आकडी क्रमांक आहे आणि तो जन्मभर बदलत नाही. आणि दुपारी बेल वाजली. पोस्टमनच्या हातात तिसऱ्या मजल्यावरच्यांचं पार्सल होतं, ते घरी नव्हते. मी सही करून ठेवून घेतलं. संध्याकाळी ते गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले. पोस्टमनने त्यांच्या पेटीत टाकलेल्या त्या चिठ्ठीवर माझं आडनाव होतं. त्यांनी बिचकत वाचलं, "गोर-पा-डे?"
मी सावकाश म्हणून दाखवलं. घोरपडे.
दुसऱ्या खेपेला त्यांना 'घो' बरोबर जमला.