नाव कुणाचं, हक्क कुणाचा

माझे वडील अण्णा गेल्यावर पहिल्यांदा कळलं, की माणूस आयुष्यभर एका घरात राहतो, पण कागदावर तो कितीतरी ठिकाणी असतो. कराड तालुक्यातल्या आमच्या गावी सातबाऱ्यावर अण्णा, आठ-अ वर अण्णा, गावठाणातल्या घराच्या उताऱ्यावर अण्णा. विकास सोसायटीचं पीककर्ज त्यांच्या नावावर, कारखान्याचा शेअर त्यांच्या नावावर, ऊसबिल त्यांच्याच खात्यात. मी लग्नानंतर सांगलीची झाले. शाळेत मुलांना गणित शिकवलं, पण सातबारा हातात घेऊन वाचायची वेळ आता आली.

दादा म्हणाला, "ताई, आधी वारस नोंद घालू, बाकीचं मागाहून." वारसानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. मग वारसांची नोंद होते, फेरफार निघतो, सगळ्या संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ऐकायला सरळ वाटलं. पण जुने फेरफार काढले आणि माझं डोकं चक्रावलं. आजोबांच्या नावापुढे 'एकुमॅ' लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यांच्यानंतर तिथं अण्णांचं नाव लागलं, आणि दोन्ही आत्यांची नावं 'इतर हक्क' या रकान्यात गेली. इतकी वर्षं ती तिथंच होती. घरात कुणी त्यांच्याविषयी बोललं नव्हतं.

सांगलीतल्या वकीलबाईंना मी विचारलं, "म्हणजे ही जमीन आमची आहे की नाही?" त्यांनी शांतपणे समजावलं. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावरून शेतसारा कुणाकडून घ्यायचा, पीक कुणाचं, हे ठरतं; मालकी शेवटी वारसाहक्कानं आणि दस्तांनी ठरते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं वडिलांच्या हिश्शात मुलीला मुलाबरोबर वारसा दिला, म्हणून आत्यांचा वाटा शिल्लक आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानंच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. माझं लग्न त्याआधीचं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. म्हणजे मीही या जमिनीत होते, आत्याही होत्या.

ठेवीचं कोडं वेगळंच. बँकेच्या पावतीवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. मला वाटलं, ते पैसे अण्णांनी मला दिले. पण नॉमिनी फक्त रक्कम स्वीकारतो. ती वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याची. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 14 डिसेंबर 2023 रोजी शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं, की नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही. एवढ्या जाणत्या माणसाच्या घरी प्रश्न उभा राहतो, तर आमच्यासारख्यांनी किती सावध असावं!

मग गावातून सल्ला आला, "बहिणींनी हक्कसोड दिलं की सगळं सुटसुटीत." आमच्याकडे ही रीतच आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं की हक्क गेला, तो परत येत नाही. बक्षीसपत्राचंही तसंच, दिलं की आजपासून दुसऱ्याचं. म्हणून म्हातारपणी ते देताना 'सांभाळ करावा' ही अट दस्तात लिहून घ्यावी. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार मिळतो. मृत्युपत्र मात्र माणूस हयात असेपर्यंत बदलता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. पण एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आपल्या हिश्शापुरतंच ते करता येतं.

हे कागद डोक्यात नीट लागल्यावर मी आणि दादा तासगावला धाकट्या आत्यांकडे गेलो. थोरल्या आत्या आता नाहीत, त्यांची मुलं आली होती. दादानं जुना फेरफार त्यांच्यापुढे ठेवला. आत्या म्हणाल्या, "मला जमीन कसायची नाही, बाळ. पण बापाच्या रानात माझं नाव आहे, ते राहू दे. आजवर कुणी मला विचारलंच नाही." दादा त्यांच्या पाया पडला. तिथंच ठरलं, की सगळ्यांची नावं लावायची आणि कसणार मात्र दादाच. हक्कसोड कुणी द्यायचं नाही, कुणाकडून मागायचंही नाही. कधी वाटप करायची वेळ आलीच तर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली करू.

आमच्या मुलखानं वाटण्या आणि वारसांचे प्रश्न पुष्कळ पाहिले आहेत. चुलत्यांशी बेबनाव होऊन चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि 1801 मध्ये सांगलीला गादी आली. उरलेल्या मिरजेचे 1820 मध्ये चार भाग झाले, त्यातले दोन वारस नाही म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं घेतले. साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी 1848 च्या एप्रिलमध्ये मृत्यूच्या दारात दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा झालं. राज्यांचं हे झालं. घरांचंही असंच होतं: शेवटच्या घटकेवर टाकलेला निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो.

राज्य सरकारनं 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. त्याच्या कितीतरी आधी मूळचे साताऱ्याचे शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेतून 'लक्ष्मी मुक्ती' चालवली, नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. 1992 पासून सरकारी योजनेखाली पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. दादा आता वहिनींचं नाव लावणार आहे. आईनं आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करायचं ठरवलं आहे, सगळ्यांना वाचून दाखवून.

मालमत्ता राखायची म्हणजे कुणाला तरी बाहेर ठेवायचं, असं मी ऐकत आले होते. मला उलटं दिसलं. ज्याचा वाटा आहे त्याला तो माहीत असेल, तर कोर्टात जायला कारणच उरत नाही. म्हणून घरातल्या कर्त्या माणसांना कळकळीनं सांगते: तुम्ही हयात आहात तोवर जमीन, घर, ठेवी, शेअर, कर्ज यांची एक यादी करा, कुणाचा हक्क किती ते वकिलाकडून समजून घ्या, आणि मुलामुलींना, बहिणींना एकत्र बसवून ती मोठ्यानं वाचा.