पाठीमागची खोली

गेले काही महिने आमच्या घरात एकच वाद चालू होता. साठवलेल्या पंचेचाळीस हजार रुपयांत जुन्या संगणकाचे पुनरुज्जीवन करावे, की तो आहे तसाच ठेवून आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, हेडसेट घ्यावा? साहित्याच्या माणसांनी खेळांच्या यंत्रांवर इतका खल करावा का, असे कोणी विचारील. कलाकृतीत रसिकाने किती बुडावे, हा प्रश्न आपण वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो; त्याच्या उत्तरासाठी खिशातून पैसे मोजण्याची वेळ सहसा येत नाही. आमच्यावर ती आली.

आधी व्यवहार. संगणक २०१७ सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि चार जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे नुसते कार्ड बदलून भागत नाही. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो, मोठे कार्ड घ्यायचे तर एसएमपीएस अपुरा पडतो. जुन्या घराची डागडुजी काढावी तसे एकातून दुसरे निघत जाते. त्यात गाव चंद्रपूर. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की कॅबिनेटमधले पंखे गरम हवाच फिरवत बसतात आणि कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. कोळशाची काळी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते ती वेगळीच. वर्षातून दोनदा ब्लोअर मारल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उशाशी असूनही वळवाचे चार थेंब पडले की दिवे जातात, त्यामुळे यूपीएस हवाच. (दिव्याखालच्या अंधाराची म्हण इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.)

हेडसेटची बाजू आमच्या भाच्याने लावून धरली होती. तो आरमोरीहून सुटीत येतो आणि आमच्या संगणकाची अवस्था पाहून हळहळतो. "मामा, तुम्ही निस्ते हिशेबच करून राहिले. एकदा लावून तं पाहा," हे त्याचे पालुपद. त्याचा मुद्दा अगदी कच्चा नव्हता. क्वेस्टसारख्या हेडसेटच्या पोटातच प्रोसेसर असतो. तो संगणकाविना चालतो. मात्र ज्या मोठ्या खेळांची त्याला ओढ, ते संगणकाला जोडूनच खेळावे लागतात, आणि तिथे गणित आडवे येते. आमच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू आहेत. क्वेस्ट ३ मध्ये एकेका डोळ्यासाठी २०६४ गुणिले २२०८, दोन्ही मिळून सुमारे ९१ लाख. आणि हे चित्र सेकंदाला ७२ ते ९० वेळा नव्याने उमटले पाहिजे. त्यात खंड पडला की डोळे एक सांगतात, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच, आणि पोटात ढवळू लागते. जुन्या संगणकाला हेडसेट लावणे म्हणजे थकलेल्या बैलाला दुप्पट ओझ्याच्या गाडीला जुंपणे.

तरीही अनुभवावाचून निकाल देणे बरे नव्हे म्हणून नागपुरात एका स्नेह्याकडे आम्ही तो लावून पाहिला. २०२० साली आलेला 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' हा खेळ. सुरुवातीलाच एका उंच सज्जात आपण उभे असतो. खाली पाहिले आणि तळपायात खरोखर मुंग्या आल्या. हात पुढे केला, वस्तू उचलली, फिरवून पाहिली, फेकली. पडद्यावर आजवर जे केवळ दिसत होते ते इथे घडत होते. हे खोटे कौतुक नाही. शरीर इतक्या चटकन फसू शकते हे कळणे हाही एक साहित्यिक अनुभवच आहे.

हेडसेट काढला तेव्हा मात्र खोलीत चहा येऊन निवून गेला होता, स्नेह्यांच्या आई येऊन बाजूला बसल्या होत्या आणि दोन मुले आमच्याकडे बघून हसत होती. आम्हाला यातले काहीच कळले नव्हते. अर्धा तास आम्हाला पाठ नव्हती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे वाक्य जरा निराळे ऐकू येईल. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना, मेमध्ये तेंदूची पाने तोडताना माणूस वाकलेला असतो आणि त्याचे सारे भान पाठीकडे असते. दरवर्षी या कामांत माणसे वाघाच्या हल्ल्यात जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातच वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. हेडसेटमध्ये जंगलही पाहता येते, वाघही अगदी जवळून. पण ज्या जंगलात मागे वळून पाहण्याची गरज उरत नाही त्याला जंगल म्हणावे का, अशी शंका इथल्या कोणाही गुराख्याला येईल.

इथे न. चिं. केळकरांची आठवण होते. वाङ्मयाच्या आनंदाची उपपत्ती लावताना त्यांनी 'सविकल्प समाधी' हा शब्द वापरला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका टाकून नव्हे. दोन्ही भूमिका एकाच वेळी असण्यातच आनंद आहे. या विचारावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले काही रास्तही आहेत. पण हेडसेटच्या जाहिराती वाचताना केळकर फार उपयोगी पडतात, कारण त्या जाहिरातींना विकल्पच नको आहे. तुम्ही तिथे 'असाल', इथे 'नसाल', असे त्यांचे आश्वासन. पूर्ण तादात्म्य हाच जणू कलेचा परमावधी.

आमच्याकडची झाडीपट्टी रंगभूमी याचे रोख उत्तर देते. धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, रात्री दहाच्या सुमारास नाटक, ते पहाटेपर्यंत. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांना तिची ओळख करून द्यावी लागली, ही गोष्ट निराळी. मंडपात बसलेली बाई रंगमंचावरच्या सुनेचे हाल पाहून पदराने डोळे पुसते आणि त्याच क्षणी मांडीवरच्या पोराचे पांघरूण सारखे करते. खलनायकाला शिव्या घालणाऱ्या माणसाला तो नट शेजारच्या कोणत्या गावचा हे ठाऊक असते. रडणे खोटे नसते आणि पांघरूणही विसरलेले नसते. सविकल्प समाधीचे याहून चांगले उदाहरण आम्हाला कोणत्याही समीक्षाग्रंथात आढळलेले नाही.

गंमत अशी की आद्य हेडसेटही खोली पुसणारा नव्हता. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी केलेले यंत्र जड असल्याने छताला टांगलेले असे. त्यातल्या अर्धपारदर्शक काचांतून समोरची खोली दिसत राही आणि तिच्यावर रेषांनी काढलेली आकृती तरंगे. मधल्या काळात खोली नाहीशी करणे हेच ध्येय ठरले. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये बाहेरची खोली रंगांत दाखवणारे कॅमेरे बसवले आहेत; म्हणजे कारखानदारांनाही तिची उणीव भासू लागली असावी. भाच्याने हा मुद्दा अचूक पकडला. "मंग तुमची खोली तं दिसतेच ना त्यात!" दिसते, हे खरे. पण खोलीतल्या दुसऱ्याला आपले जग दिसत नाही. त्याला दिसतो फक्त डोळ्यांवर डबा बांधून हवेत हात मारणारा माणूस.

आमच्या खोलीची लांबी-रुंदीही निर्णयात होतीच. उभ्याने खेळायला साधारण साडेसहा फूट चौरस मोकळी जागा हवी. पलंग, पुस्तकांचे कपाट आणि कूलर वजा जाता आमच्याकडे तेवढी जमीन शिल्लक राहत नाही. कूलर हलवा, असा एक प्रस्ताव आला होता. तो मे महिन्यात मांडण्याचे धैर्य कोणी केले नाही.

प्रोसेसर, मदरबोर्ड, मध्यम प्रतीचे कार्ड आणि साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस नागपूरच्या सीताबर्डीवरून आणला. रॅम जुनीच चालली. भाचा दोन दिवस नाराज होता. तिसऱ्या दिवशी त्याने खेळ लावला, आम्ही मागे खुर्ची ओढून बसलो, आणि "डावीकडं पाय, डावीकडं!" असे ओरडणाऱ्यांत शेजारची दोन पोरेही होती. मध्येच वीज गेली. यूपीएसच्या पाच मिनिटांत खेळ जतन करायचा की पुढचा दरवाजा उघडायचा, यावर चौघांचे एकमत झाले नाही.