पैसे भरून झाल्यावर

८,५३८ पौंड. त्या दिवशीच्या दराने जवळजवळ नऊ लाख रुपये. व्हिसा हातात पडायच्या आधी, पुण्यात बसून आम्ही ते भरले. ब्रिटनमध्ये आमच्यासारखं नोकरीसाठी राहायला जाणाऱ्या मोठ्या माणसाला ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड ‘इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज’, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस वापरण्याचा आकार, पडतो, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. २०१५ साली तो २०० पौंड होता. आम्ही तिघं, व्हिसा तीन वर्षांचा. नवऱ्याच्या कंपनीने विमानाची तिकिटं दिली, सरचार्जचं मात्र तुमचं तुम्ही बघा म्हणाली. टीबीची तपासणी, बाकीचे कागद, सगळं यथासांग झालं.

लीड्सला आल्यावर घराजवळच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात लेकीचं नाव नोंदवायला गेले. ती सहा वर्षांची, तिला दमा आहे आणि पुण्याहून आणलेले पंप संपत आले होते. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, पत्त्याचा पुरावा आणा. वीजबिल घरमालकाच्या नावावर. बँक म्हणत होती, खातं उघडायला आधी पत्त्याचा पुरावा द्या. भाडेकरार पुढे केला, तर त्यात फक्त नवऱ्याचं नाव. ‘यात तुमचं आणि मुलीचं नाव कुठे आहे?’

इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसा यांतलं काहीही सक्तीचं नाही. एनएचएसच्याच सूचनांमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान छापून मी पुन्हा गेले. बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. ‘आमच्याकडे असंच चालतं,’ म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. लेक माझा हात धरून उभी होती. पैसे भरून आलेली बाई मी, आणि दारात काहीतरी मागायला आल्यासारखी बाजूला सरकले. वर्ष उलटून गेलं, पण नोंदणीचा फॉर्म काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलेला आठवला की आजही अंगाची लाही लाही होते. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही, ज्यांना ही सूचना असते हेच माहीत नाही, ती माणसं तिथून मुकाट्याने परत जात असणार.

त्याच आठवड्यात एका रात्री लेकीला धाप लागली. एनएचएसच्या १११ वर फोन केला, त्यांनी लगेच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायला सांगितलं. तिथे नाव, जन्मतारीख आणि पत्ता एवढंच विचारलं, पुरावा कशाचाच मागितला नाही. नेब्युलायझर, स्टेरॉइड, पहाटेपर्यंत देखरेख. केरळची एक नर्स दर थोड्या वेळाने येऊन तिची छाती तपासत होती. निघताना पैशांचं नावही कुणी काढलं नाही. त्या पहाटे मला वाटलं, नऊ लाख काहीच नाहीत. मग नवऱ्याची पगाराची स्लिप पाहिली. इन्कम टॅक्स वेगळा, नॅशनल इन्शुरन्स वेगळा. शेजारी देतात ते सगळं आम्हीही देतो, आणि वर सरचार्ज. पुन्हा संताप आला. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

दुसऱ्या एका दवाखान्याने शेवटी काही न विचारता फॉर्म घेतला.

आता नणंद बर्मिंगहॅमला येते आहे. तिला सांगितलं, मुलांची लसीकरणाची कार्डं हातातल्या बॅगेत ठेव. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ घटकाची, डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून घे. भारतातली मेडिक्लेम बंद करू नकोस. परत गेल्यावर नवी घेतलीस तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. तुझ्या सासूबाई भेटीला येणार असतील तर आधीचे आजार धरणारा प्रवासविमा घे, कारण पाहुण्यांना इथल्या रुग्णालयात एरवीच्या दराच्या दीडपट बिल लागतं.

आमचा व्हिसा वाढवायची वेळ येईल तेव्हा पुढच्या दोन वर्षांचे आजच्या दराने ५,६९२ पौंड पुन्हा एकरकमी भरायचे आहेत. त्यासाठी दर महिन्याला बाजूला टाकतो आहोत.